चौथी बाटली

हे माध्यम ऑटोक्लेव्हमध्ये घालायचं नसतं.
उकळी फुटेपर्यंत ढवळायचं,
चंबू हाताला सोसेल इतका निवू द्यायचा
आणि ओतायचं.
गवाणकर सरांनी पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं.
बाकीचं मला येत होतं.
रमजानात अम्मी चायनाग्रास असंच ओतायची,
बुडबुडा आला की सुईच्या टोकानं फोडायची.
समुद्रातलंच शेवाळ ते.
तिथे दूध, इथे पित्त.

रंग जुन्या बाटलीच्या काचेचा, गडद हिरवा.
साखर आहे, मीठ आहे,
आणि कडूपणा एवढा
की आतड्यातले नेहमीचे भाडेकरू
उंबऱ्यावरूनच परततात.
मिरकरवाड्याला जाळी विणत बसलेले दाऊदचाचा म्हणायचे,
काय धरायचं ते मागाहून बघ.
काय सोडायचं ते ठरव,
तेवढा आस ठेव,
मग सुताला हात लाव.

तरीबंदरच्या लग्नानंतर
एकवीस माणसं सिव्हिलमध्ये आली.
अंगातून पेजेच्या निवळीसारखं पाणी जात होतं,
डोळे आत,
बोटं दिवसभर कपडे धुतल्यासारखी.
दुपारी आरोग्यसेवक चवंडे तीन बाटल्या घेऊन आला,
चिकटपट्टीवर बॉलपेननं लिहिलेल्या:
मशिदीची विहीर.
भंडारवाडीची विहीर.
शाळेचा नळ.
त्याच्या मागून माणसंही आली,
जिन्याखाली तीन घोळके करून उभी राहिली.
सकाळपर्यंत एका मांडवात जेवलेली.
"आमच्या इहिरीत कासव सोडलेला हाय,
ती नासायची नाय," एकजण वर बघून ओरडला.
जणू मीच काहीतरी म्हटलं होतं.

चौथी बाटली मी भरली.
अश्फाकच्या टेम्पोत, भुशात,
लादीचा एक तुकडा उरला होता.
होड्यांचा बर्फ तो, मासळीसाठीचा.
लग्नाच्या सरबताला कमी पडला
म्हणून यानं दोन लाद्या दिल्या, पैसे न घेता.
"बर्फात काय जगतंय गो?" भाऊ हसला.
मी टोच्यानं कपचे काढले.
चिकटपट्टीवर फक्त ४ लिहिलं.

आधी पेप्टोनच्या पाण्यात सहा तास.
यांना हवा लागते, ते वर येतात,
म्हणून वरचीच साय उचलायची, तळाला जायचं नाही.
मग तारेच्या कडीनं हिरव्यावर रेघा.
सदतीस अंश. रात्र.

सकाळी पहिलीवर काही नाही.
दुसरीवर चार-पाच ठिपके, हिरव्यावर हिरवेच,
खाडीकाठच्या पाण्यात असतात तसले.
तिसरी कोरी.
चौथी पिवळी.
चपटे, चकचकीत ठिपके,
नवरीच्या अंगाची हळद कुणी बोटानं टिपून ठेवावी तसे,
आणि त्यांच्या भोवतीचं हिरवंही
हळूहळू त्यांच्या बाजूला चाललेलं.

"पिवळं म्हणजे तोच असं नाही," सर म्हणाले,
"साखर खाणारे आणखीही असतात."
म्हणून त्यातला एक उचलून
साध्या अगारवर नेला,
जिथे कुणालाच मज्जाव नसतो.
तिथे तो इतर कुणाहीसारखा दिसला,
फिकट, गरीब.
ऑक्सिडेजच्या कागदावर जांभळा झाला.
मग काचपट्टीवर सीरमचा थेंब,
आणि त्यात दाणे धरले,
दूध फाटावं तसे.

जिन्याखाली आता कुणी नव्हतं.
चवंडेनं तीन घोळक्यांना तीन वेळा सांगितलं होतं
की तुमची विहीर निर्दोष,
आणि कुणालाच ते पुरेसं वाटलं नव्हतं.

नमुना क्रमांक चार. उगम.
पेन तिथे थोडा वेळ टेकलेलं राहिलं,
शाईचा ठिपका पडला, तोही पसरत होता.
मग मी लिहिलं: बर्फ.
खाली, टेम्पोचा नंबर.

त्या प्लेटा शेवटी ऑटोक्लेव्हमध्येच गेल्या.
शिजलेल्या पित्ताचा वास ओढणीला बसतो,
दोन धुण्यांत जात नाही.

घरी पोचले तर अश्फाक टेम्पो घासत होता,
ब्लीचिंगच्या पाण्यानं, उघडे हात लाल झालेले.
भुसा त्यानं आधीच जाळला होता.
मी काही सांगितलं नव्हतं.
मला बघून पाइप बाजूला केला,
मला जाता यावं इतका.